पुडीतली गोळी आणि पावावरची बुरशी

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी लोहारा तालुक्यातील एक मामा दवाखान्यात आले. वय पासष्टच्या पुढे, डोक्याला टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्म्यामागे डावा डोळा नाही. तो २०२१ साली शस्त्रक्रिया करून काढावा लागला. त्यात माझाही थोडा वाटा आहे, त्याविषयी पुढे सांगणार आहे.

मामा मात्र खुशीत होते. "गुडघे पार मोकळे झालेत, डॉक्टरसाहेब. जिना चढलो. भूक बी लई लागतीया." चेहरा चंद्रासारखा गोल झालेला, गाल भरलेले, दंडावर जागोजागी निळे डाग. घरची मंडळी म्हणत होती, तब्येत सुधारली. रक्तातील साखर तपासली, ती निघाली ३४०.

"मामा, नवीन काय घेताय?" असे विचारल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत पांढरी भुकटी आणि दोन बारीक गोळ्या. बाजारात एक मनुष्य गुडघेदुखीवर देतो, दोन महिन्यांपासून चालू आहे. मग मामांनीच विचारले, "ह्यात असतंय तरी काय? त्यो तर झाडपाल्याचं हाय म्हणला."

वाचकहो, पुडीत काय आहे ते प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय शपथेवर सांगता येत नाही. परंतु तीस वर्षांच्या अनुभवाने असा चेहरा, असे डाग आणि अशी साखर पाहिली की दारातच ओळख पटते. हे स्टेरॉइड. आणि गंमत अशी की, पुडी विकणाऱ्याने ‘झाडपाल्याचे’ म्हणून सांगितले ते अगदीच खोटे नव्हते. त्याला ते ठाऊक नसणार, ही गोष्ट वेगळी.

स्टेरॉइड हे मुळात आपल्या शरीरातच तयार होणारे द्रव्य आहे. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या ते रोज थोडे थोडे बनवतात. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला या जातीच्या औषधाचे, म्हणजे कॉर्टिसोनचे, पहिले इंजेक्शन दिले. जिला अंथरुणावर कूस बदलणे कठीण होते ती काही दिवसांत चालू लागली. जगभर डंका वाजला आणि १९५० साली डॉ. हेंच, केंडॉल व राईशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अडचण होती ती औषध मिळण्याची. ते बैलाच्या पित्तापासून करीत, आणि त्यासाठी तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढाव्या लागत. किंमत ग्रॅमला २०० डॉलर. सामान्य रोग्याने नावसुद्धा काढू नये असा भाव.

स्वस्त कच्चा माल वनस्पतींत सापडला. रसेल मार्कर या हट्टी रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या जंगलातील रानकंद खणून काढले. आपल्याकडील कोनफळाच्या, करांद्याच्या कुळातले हे कंद. त्यांत डायोसजेनिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक करता येते, हे त्याने दाखवून दिले. पुढे ग्लॅक्सो कंपनीने पूर्व आफ्रिकेतील घायपाताच्या टाकाऊ रसातून हेकोजेनिन हे असेच एक द्रव्य काढून स्टेरॉइड औषधे बनवली. आपल्या शेताच्या बांधावर, ज्याच्या वाखाचे आपण दोर वळतो, त्याच जातकुळीतले हे घायपात! बांधावरचे पान चावून मात्र कोणी गुडघ्यावर उपाय करू नये. त्या रसाने अंगाला खाज सुटते, एवढाच त्याचा गुण.

बुरशीने उघडलेले दार

कंदापासून प्रोजेस्टेरॉन झाले, तरी कॉर्टिसोन होईना. का, ते समजून घेण्यासारखे आहे. स्टेरॉइडचा मूळ सांगाडा कार्बनच्या १७ अणूंचा. सतरा खणांचा वाडा समजा. संधिवातावर चालणारे औषध हवे असेल तर बरोबर अकराव्या खणात प्राणवायूचा एक अणू बसवावा लागतो. रसायनशास्त्रज्ञाजवळची हत्यारे म्हणजे तीव्र आम्ले, उष्णता वगैरे. त्यांना अकरावा खण निवडून काढता येत नाही. एक दार उघडायला जावे तर चार भिंती पडतात. तीस पायऱ्यांचा द्राविडी प्राणायाम त्यासाठीच होता.

१९५२ साली अमेरिकेतील अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे या संशोधकांनी जाहीर केले की, हे काम एक बुरशी करते. प्रयोगशाळेच्या खिडकीत उघडी बशी ठेवून हवेतून ती पकडली असे सांगतात. तिचे नाव रायझोपस अरायझस. शिळ्या पावावर काळ्या ठिपक्यांची लव येते ना, तिची सख्खी बहीण. प्रोजेस्टेरॉन टाकीत घालून ही बुरशी सोडली की, तिच्या अंगातील विकरे नेमक्या अकराव्या जागी प्राणवायू बसवून देतात. ना तीव्र आम्ल, ना मोठी भट्टी. पुढे रायझोपस निग्रिकन्स ही तिची दुसरी बहीण हेच काम अधिक चांगले करते असे आढळले. पुढच्या पायऱ्या पुन्हा रसायनशास्त्रज्ञाने चढायच्या. निम्मे काम जंतूचे, निम्मे माणसाचे. कॉर्टिसोनचा भाव कोसळला.

१९५५ साली शेरिंग कंपनीने एका जिवाणूकडून कॉर्टिसोनमध्ये आणखी एक लहानसा बदल करून घेतला आणि प्रेडनिसोन हे जास्त जोरदार औषध मिळाले. आजकाल तर सोयाबीनचे तेल शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातील द्रव्ये जंतूंना खाऊ घालतात. जंतू त्यांचे शेपूट कुरतडतात आणि सांगाडा शिल्लक ठेवतात. तो सांगाडा म्हणजे स्टेरॉइड बनवण्याचा अर्धवट तयार माल. हे कुरतडणारे जंतू कोण? क्षयरोगाच्या जंतूच्या भावकीतले, पण निरुपद्रवी. आपला जिल्हा सोयाबीनचा, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तर अशा रीतीने दोनशे डॉलरचा ग्रॅम घसरत घसरत इतका स्वस्त झाला की, बाजारात पटकुरावर बसणाऱ्याला तो कुटून पुडीत घालणे परवडते. दम्याच्या कित्येक रोग्यांचे प्राण या स्वस्ताईनेच वाचले आहेत, मी स्वतः वाचवले आहेत. पुडीही त्याच स्वस्ताईतून आली.

२०२१ चा मे महिना

आता मामांच्या डोळ्याकडे येतो.

जून २०२० मध्ये इंग्लंडमधील रिकव्हरी या मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाले की, कोरोनाच्या ज्या रोग्याला प्राणवायू लावावा लागतो त्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, फार तर दहा दिवस दिले तर मृत्यू कमी होतात. ज्याला प्राणवायूची गरज नाही त्याला त्याचा फायदा दिसला नाही. अभ्यासाचे हे दुसरे वाक्य आम्हांला माहीत होते. परंतु एप्रिल २०२१ मध्ये दवाखान्याबाहेर रांगा लागल्या होत्या, खाट मिळत नव्हती आणि नातेवाईक "काहीतरी जोराचं लिहा" म्हणून हात जोडत होते. मामांचा प्राणवायू तेव्हा ९५ होता. नियमाने त्यांना स्टेरॉइड द्यायला नको होते. मी पाच दिवसांची चिठ्ठी लिहिली. साखर तपासून घ्या असे तोंडी सांगितले, कागदावर लिहिले नाही.

गोळ्यांनी ताप उतरला, बरे वाटले. मग घरच्यांनी तीच चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून पुन्हा गोळ्या आणल्या, पुन्हा आणल्या. वीस दिवस चालले. साखर कोणी पाहिली नाही. मे महिन्यात मामांचे डावे नाक बंद झाले, गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी येऊ लागले आणि दोन दिवसांत डोळा सुजून बाहेर आला. माझ्याकडे आणले तेव्हा मी ताबडतोब सोलापूरला पाठवले. डोळा काढून जीव वाचला.

वर्तमानपत्रांतून तेव्हा ‘काळी बुरशी’ हे नाव घरोघरी गेले. खरे तर बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त थांबवते, मग त्या भागाचे मांस मरते आणि काळे पडते. २०२१ च्या जून अखेरपर्यंत देशात चाळीस हजारांवर रोगी नोंदले गेले होते. महाराष्ट्र आणि गुजरातेत सर्वांत जास्त. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मधुमेही होते व निम्म्याहून अधिकांनी स्टेरॉइड घेतलेले होते.

आणि भारतातील या रोग्यांच्या नाकातून, डोळ्यांतून जी बुरशी सर्वांत जास्त सापडते तिचे नाव रायझोपस अरायझस. होय, तीच. जिने १९५२ साली अकराव्या खणाचे दार उघडून स्टेरॉइड स्वस्त केले. तिचे बीज हवेत, मातीत, कुजक्या पाल्यात सगळीकडे आहे. आपण रोज ते श्वासातून घेतो आणि आपल्या पांढऱ्या पेशी ते रोज मारतात. साखर वाढली की, आणि त्यावर स्टेरॉइड दिले की, त्या पेशी लुळ्या पडतात. मी पुष्कळ दिवस या योगायोगाचा विचार करीत होतो. यात सूड वगैरे काही नाही; बुरशीला स्टेरॉइड काय ते कळत नाही. पण चिठ्ठी लिहिताना आता हात थांबतो खरा.

या बुरशीवर जे औषध सोलापूरला मामांना दिले ते अ‍ॅम्फोटेरिसिन. तेही एका जंतूचेच. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीकाठच्या मातीतून १९५० च्या दशकात तो मिळाला. २०२१ साली या औषधाचा एवढा तुटवडा पडला की, एका एका कुपीसाठी मुले पुण्या-मुंबईला धावत होती. सुधारित प्रकारची एक कुपी सुमारे सात हजारांना पडे. वर्ध्यात मे महिन्यात नव्याने उत्पादन सुरू झाले तेव्हा १२०० रुपयांची कुपी मिळू लागली.

जुन्या वाचकांना आठवत असेल, बुरशीवरचे असेच एक औषध आपल्या महाराष्ट्रातच शोधले गेले होते. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. युनिसेफने यंत्रे दिली, जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक मदत केली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन निघू लागले. क्षयाच्या रोग्याला महिनोन् महिने टोचावे लागे ते स्ट्रेप्टोमायसीनही पुढे तेथे होऊ लागले. तेथील डॉ. थिरुमलाचार यांनी १९६० च्या दशकात मातीतील एका जंतूपासून हॅमायसिन काढले. त्या जंतूला त्यांनी नाव दिले स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना, पिंपरीवरून. तोंडातल्या पांढऱ्या बुरशीवर, बायकांच्या अंगावर जाण्यावर ते वापरले जाई. गावाचे नाव जंतूला मिळावे ही काही लहान गोष्ट नव्हे.

नंतर चीनमधून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले आणि ते टाक्यांत आंबवून काढण्याचे काम आपल्या देशातील कारखान्यांनी एकामागून एक बंद केले. आपण घेतो त्या अ‍ॅमॉक्सिसिलीनचा पायासुद्धा पेनिसिलीनच. जंतूच्या विकराने त्याचा एक तुकडा कापायचा आणि तेथे रसायनशास्त्रज्ञाने दुसरा जोडायचा. म्हणजे पाया परक्याच्या हाती आणि वरचे मजले आपले, अशी स्थिती बरीच वर्षे राहिली. २०२४ साली आंध्रातील काकीनाड्याला पेनिसिलीनचा मोठा कारखाना पुन्हा सुरू झाला, हे बरे झाले.

मामांना मी पुडी त्या क्षणी बंद करा असे सांगितले नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशी पुडी घेत असेल तर त्यानेही मनाने एकदम बंद करू नये. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाले की, शरीरातील त्या टोपीसारख्या ग्रंथी आपले काम सोडून झोपी जातात. पुडी अचानक थांबली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे, प्रसंगी मृत्यूही होतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावे, लपवू नये. मामांना मोजून गोळ्या दिल्या, त्या दर आठवड्याला थोड्या थोड्या कमी करीत आणल्या. साखरेसाठी इन्शुलिन सुरू केले. नाकात कोंडा, गालाला बधिरपणा, दात हलणे, एकाचे दोन दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी या, असे या वेळी कागदावर लिहून दिले, मोठ्या अक्षरात.

मागच्या बाजारी ते आले. साखर १८०. चेहरा उतरलेला, आणि गुडघे पुन्हा धरलेले. क्ष-किरण चित्रात झीज आहे, ती पुडीने भरून आली नव्हतीच. मांड्यांचे व्यायाम दाखवले, साधी दुखण्यावरची गोळी दिली. मामा थोडे नाराज दिसले.

"त्या पुडीनं बरं वाटत हुतं, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. मग बंडीच्या आतल्या खिशातून उरलेल्या पाच पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या मी तपासणीसाठी देणार आहे. विकणारा मनुष्य अजून बाजारात बसतो का, असे विचारले तर म्हणाले, "बसतो की. फकस्त जागा बदलली."