गावाकडचे गाणे आणि बाजाराची मोजणी

एखादे गाणे चित्रपटाचा किंवा गीतसंग्रहाचा भाग म्हणून न येता एकटेच प्रकाशित होते, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात त्याला ‘सिंगल’ म्हणतात. असे गाणे लोकांनी कितपत स्वीकारले हे सांगण्यासाठी मोजणीचे काही साधन लागते. आणि खेड्यातल्या गाण्याच्या बाबतीत तर हे साधन ज्याच्या हाती, तोच गाण्याची किंमत ठरवतो, असे गेल्या शंभर वर्षांचा इतिहास दाखवतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकरी व डोंगरी वस्त्यांत फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि बँजो यांच्या साथीने गायल्या जाणाऱ्या गाण्यांतून ‘कंट्री’ संगीत घडले. १९२३ साली ओके या तबकडी कंपनीच्या राल्फ पीअर यांनी अटलांटा शहरात फिडलिन जॉन कार्सन यांचे गायन मुद्रित केले, ते पोल्क ब्रॉकमन या स्थानिक विक्रेत्याच्या आग्रहाखातर. पीअर यांना ते गायन मुळीच रुचले नव्हते, परंतु ब्रॉकमन यांनी मागवलेल्या ५०० तबकड्या हातोहात खपल्या आणि नावड आपोआप बाजूला पडली. या गाण्यांना ‘हिलबिली’ असे हेटाळणीचे नाव पडले होते. पुढे १९४४ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने ज्यूकबॉक्सवर, म्हणजे नाणे टाकून गाणे ऐकवणाऱ्या यंत्रावर, कोणती गाणी अधिक वाजतात हे पाहून त्यांची स्वतंत्र क्रमवारी छापण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांना बाजारात मान मिळाला. हा निवाडा रसिकांपेक्षा गल्ल्याचा होता.

महाराष्ट्रातही साधनानेच गाण्याचे रूप ठरवले: तबकडीच्या काळात एका बाजूवर सुमारे तीन मिनिटेच मावत असल्यामुळे रात्रभर रंगणाऱ्या लोकगायनाला कात्री लावावी लागे. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि गायक आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे वरातीपासून गणेशोत्सवाच्या मंडपापर्यंत पोहोचले, मात्र चोरून काढलेल्या प्रतींचा सुळसुळाट असल्याने कॅसेटयुगातील लोकप्रियतेचा खरा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही, आणि शिष्ट समीक्षेने तो मांडण्याची तसदीही फारशी घेतली नाही. २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’ची गोष्ट वेगळी ठरली: हे गाणे सिंगल म्हणूनच आले, त्याच्या तालावर लोकांनी रील, म्हणजे मोबाइलवरच्या छोट्या चित्रफिती, केल्या आणि प्रत्येक पाहण्या-ऐकण्याची नोंद यंत्रानेच ठेवली. एकेकाळी पुण्या-मुंबईच्या कंपन्यांवाचून अडणारे गाणे आता थेट श्रोत्यापर्यंत जाते, हा लाभ मोठाच आहे. पण गाण्याचे पहिले काही सेकंदच पकड घेणारे असावेत, असा नवा दबावही त्याबरोबर आला आहे.

वैनगंगेच्या काठी, भंडारा शहरासमोर असलेले कारधा हे गाव ज्या धानपिकाच्या झाडीपट्टीत येते, तेथील गाण्याला मात्र खपाची आणि यंत्राची या दोन्ही मोजण्या लागू पडत नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून होणाऱ्या या मुलखात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्ताने दंडार व खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार आणि रात्रभर चालणारी नाटके होतात, आणि वडसा येथील नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव हिंडतात. गाणे येथे रंगमंचावर प्रत्यक्ष गायले जाते, म्हणजे त्याचे प्रकाशन आणि त्याचे स्वागत एकाच रात्री, त्याच प्रेक्षकांसमोर घडते. ‘वन्स मोअर’ आणि रोख बक्षीस हीच तेथली क्रमवारी. झाडीपट्टीचे अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीकडे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष गेले खरे, परंतु तो मान अभिनयाचा होता, आणि गाणी रचणारे बहुतेक अनामच राहिले.

मोजले गेले नाही म्हणून हे गाणे उणे ठरत नाही, मात्र नोंदीवाचून ते हरवते. त्यासाठी कंपनीची वाट पाहण्याचे कारण नाही: येत्या मंडईच्या हंगामात गावच्या मंडळांनी आणि महाविद्यालयांनी साध्या मोबाइलवर का होईना, पण रचणाऱ्याचे व गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख यांसह ही गाणी, कात्री न लावता, मुद्रित करून ठेवावीत.