नारळाच्या सॉसचे रानातले भाऊबंद

मोठ्या शहरांतल्या दुकानांत सोया सॉसच्या शेजारी हल्ली तशाच काळपट रंगाची आणखी एक बाटली दिसू लागली आहे. तिच्यावर नारळाचे चित्र असते आणि ‘कोकोनट अमिनोज’ असे नाव. ज्यांना सोयाबीन किंवा गहू सोसत नाही त्यांच्यासाठी सोया सॉसला पर्याय म्हणून ती विकली जाते. चित्र पाहून वाटते, नारळाच्या पाण्याचे किंवा दुधाचे काही असेल. पण हा सॉस माडाच्या रसाचा, म्हणजे नीरेचा, केलेला असतो. ज्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, हा रस उतरवतात तिला नारळ धरतच नाहीत.

एवढे कळले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा विषय परका वाटू नये. हे दोन जिल्हे काही नारळाचा मुलूख नव्हेत. पण झाडावर चढून, झाडाला जखम करून, तिच्यातून गोड रस उतरवण्याची कला इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सिरोंच्याकडे ताड आहे, एटापल्ली-भामरागडच्या रानात गोरगा आहे, ओढ्या-नाल्यांच्या काठाने शिंदी आहे. तिन्ही ताडकुळातली, माडाची सख्खी-चुलत झाडे. आपण त्यांच्याकडे फक्त नशेचे झाड म्हणून पाहत आलो आणि त्यात मोठे नुकसान झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रसाचे पाहू. कोकणात भंडारी आणि गोव्यात रेंदेर हे काम करतात. न उमललेली पोय दोरीने किंवा झावळीच्या पट्ट्यांनी आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोक कापायचे. काही दिवसांनी टोकातून थेंब गळू लागतात. मग भांडे बांधायचे आणि सकाळ-संध्याकाळ टोकाची पातळ चकती काढत राहायची, म्हणजे जखम बुजत नाही. ठोकण्यात सगळे कसब आहे. जोर जास्त झाला तर पोय फाटते, कमी पडला तर रस येत नाही. ताज्या रसात साधारण पंधरा टक्के साखर असते, बरेचसे खनिज क्षार असतात आणि थोडी अमिनो आम्ले असतात. बाटलीवरचे ‘अमिनोज’ ते हेच.

हा रस फार अधीर असतो. भांड्यात पडल्या क्षणापासून हवेतले यीस्ट त्यात कामाला लागते. सकाळची नीरा दुपारपर्यंत आंबूस होते, संध्याकाळी ती माडी असते आणि काही दिवसांत शिरका. गोव्यातले माडाचे व्हिनेगर असेच तयार होते. रस लगेच चुलीवर चढवला आणि आटवला तर गूळ होतो, ‘माडाचें गोड’. सॉस या दोन्हींच्या मधला आहे. रसात मीठ घालायचे, काही ठिकाणी थोडा आंबवून घ्यायचा, मग आटवून दाट करायचा. आटताना साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी जुळतात, रंग गडद होतो आणि भाजल्यासारखा खमंगपणा येतो.

सोया सॉसची रीत अगदी वेगळी. शिजवलेले सोयाबीन आणि भाजलेला गहू यांच्यावर एक खास बुरशी वाढवतात, मग मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. बुरशी दाण्यांतल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि त्यातून ग्लुटामेट सुटते. 1908 मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून हेच ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटले. माडाच्या रसात प्रथिने जवळजवळ नाहीतच. त्यामुळे नारळाचा सॉस गोडसर लागतो आणि सोया सॉसची खोल चव त्याला पूर्ण येत नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असते. नारळाच्या सॉसमध्ये ते सहसा कमी असते, पण प्रत्येक बाटलीचे प्रमाण निराळे, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे. मधुमेह असणाऱ्यांनी तो मोकळ्या हाताने घालू नये, कारण त्यातली साखर मुख्यतः आपली नेहमीचीच साखर आहे. गव्हाचे ग्लुटेन न चालणाऱ्यांना मात्र त्याचा खरा उपयोग आहे.

चंद्रपूरला सोयाबीन काही नवे नाही. वरोरा, भद्रावती, चिमूर, राजुरा, कोरपना या पट्ट्यात ते शेतकऱ्याचे नगदी पीक. 2023 च्या पावसाळ्यात पिवळ्या मोझॅकने आणि मूळकुजीने उभी शेते पिवळी पडली, ते दुःख इथल्या घरांनी सोसले आहे. बाजारात जाणाऱ्या दाण्याचे तेल निघते, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे ज्या पिकाचा सॉस जगभर खातात ते शेतात आहे, आणि ज्या रसाचा पर्यायी सॉस होतो त्याची झाडे रानात आहेत. मधली कारागिरी तेवढी इथे रुजलेली नाही.

ताडाकडे वळू. सिरोंचा हे प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचे गाव. पलीकडे तेलंगण, अलीकडे बोलणे-चालणेही तेलुगू वळणाचे. इथे ताडीला ‘कल्लू’ म्हणतात. ताड नर-मादी वेगवेगळा. रस दोन्हींतून निघतो, ताडगोळे मात्र मादीलाच. नर झाडाच्या बोटांसारख्या लांब तुऱ्यांना लाकडी चिमट्याने दाबून मऊ करतात, टोके कापतात आणि खाली मडके अडकवतात. चढणारा कमरेभोवती आणि खोडाभोवती ‘मोकू’ नावाचा दोर घेतो, त्यावर अंग टेकून दोन्ही हात मोकळे ठेवतो. झाड उंच, खोड गुळगुळीत, आणि ही चढ-उतर दिवसातून दोनदा. पडून जायबंदी होणारे, दगावणारे थोडे नाहीत. तेलंगण सरकारने 2024 मध्ये ताडी उतरवणाऱ्यांसाठी ‘काटमय्या रक्षा’ नावाचे सुरक्षा संच आणले, ते याचसाठी. नदीच्या अलीकडच्या चढणाऱ्याचे हाड काही वेगळे नसते. त्यालाही असा संच मिळायला हवा.

गोरगा हे त्याहून निराळे प्रकरण. कोकणात याच झाडाला भेर्ली माड म्हणतात, बस्तरमध्ये सल्फी. पाने माशाच्या शेपटीसारखी, खोड सरळ. वाढून दहा-पंधरा वर्षे झाली की पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, पुढच्या वर्षी त्याच्या खाली, असा तो उतरत येतो. शेवटचा फुलोरा झाला की झाड वाळते. आयुष्यात एकदाच असा फुलणीचा काळ असल्यामुळे गोरग्याला इथल्या माडिया गोंडांच्या घरात फार मोल आहे. झाड कुणाचे ते गावाला ठाऊक असते. रस तुंब्यात उतरवतात, पानाच्या द्रोणात पितात, सण, लग्न, पाहुणचार त्याच्याशिवाय होत नाहीत. बस्तरमध्ये बुरशीच्या मर रोगाने सल्फीची झाडे वाळत असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. श्रीलंकेत याच झाडाच्या रसाची ‘कितुल’ काकवी आणि गूळ होतो, त्यावर घरे चालतात. गोरग्याचा रस गोडीला कुठेच कमी नाही.

आणि हे सगळे सुचायला परदेशी बाटलीची गरज नव्हती. चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धेत नव्वद वर्षांपूर्वी याच रसावर काम सुरू झाले होते. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे ठाणे, आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे मंत्री. त्या संघाने तेलघाणी, हातकागद, मधमाशी यांच्याबरोबर ताडगूळही हाती घेतला. ते काम गजानन नाईक पाहत; स्वातंत्र्यानंतर याच विषयात ते केंद्र सरकारचे सल्लागार झाले. रस आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावायचा, पहाटेच उतरवायचा, गाळून लगेच कढईत टाकायचा, अशी ती साधी पद्धत. कुमारप्पांचा हिशेब आजही पटतो: ऊस सुपीक जमीन आणि पाणी मागतो, ताड-शिंदी बांधावर आणि पडीक जागेत उभे असते, साखर झाडांकडून घ्या, जमीन धान्याला ठेवा. गांधीजींना त्यात दारूबंदीचेही उत्तर दिसत होते. ताडीवर बंदी आणली तर चढणाऱ्याच्या पोटाचे काय, या प्रश्नाला गूळ हे उत्तर होते.

तो प्रश्न गडचिरोलीत अजून जिवंत आहे. 1993 पासून हा जिल्हा दारूबंदीचा. चंद्रपूरने 2015 मध्ये बंदी आणली आणि 2021 मध्ये ती उठली. या वादात रसाचा विचार कुणी वेगळा करत नाही. कायद्यात मात्र नीरा आणि ताडी यांत भेद आहे. झाड चिरायला परवाना लागतो, न आंबलेली नीरा हे पेय म्हणून विकता येते. अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाला दिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू विकायचा कुणी, हे त्या गावाने ठरवले. बांबूत जे झाले ते रसात का होऊ नये?

तांत्रिक अडचणही आता पूर्वीइतकी नाही. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्थेने बर्फाची पेटी झाडावरच बांधण्याची पद्धत आणली. रस थेट थंड भांड्यात पडतो, चुना लागत नाही, आंबणे थांबते, आणि ‘कल्परस’ नावाने तो ताजा विकला जातो. सिरोंच्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ही पेटी आवश्यकच ठरेल. बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे. पण सॉससाठी रस ताजा विकायचा नसतो, झाडाखाली उतरला की कढईत टाकायचा असतो. चूल तिथेच, कढई तिथेच, जळणही रानातलेच. पेटीत सकाळपर्यंत टिकेल एवढा बर्फ पुरला की भागले.

इथल्या माणसाला जेवणात अशा सॉसची उणीव नाही, हेही नोंदवले पाहिजे. लाल मुंग्यांची चटणी, वाळवलेली मासळी, पावसाळ्यात येणारे वास्ते (बांबूचे कोंब), आंबाडीची आंबट भाजी यांनी त्याचे ताट खारट, आंबट, खमंग अशा सगळ्या चवींनी भरलेले असते. सॉस करायचा तो विकण्यासाठी, आणि गुळाबरोबर जोडमाल म्हणून. पंधरा टक्के साखरेच्या रसातून सात-आठ लिटरला जेमतेम किलोभर गूळ हाती येतो, त्यात कष्ट फार. मिठाचा दाट सॉस केला तर त्याच रसाला जास्त भाव मिळू शकतो.

कुठून सुरुवात करावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गोरग्याला हात लावू नये. तो माडियांचा आहे, कमी आहे, एकदा फुलून मरतो, आणि बाजार मागे लागला तर पहिला घाव त्यालाच बसेल. ताड मात्र शंभर-शंभर वर्षे जगतो, दरवर्षी फुलतो आणि चढणारे अनुभवी हात सिरोंच्यात आहेत. 2011 मध्ये स्थापन झालेले गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, सोनापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. त्यांनी सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या तयार ग्रामसभेला सोबत घेऊन एक उन्हाळा द्यावा: दहा झाडे, बर्फाच्या पेट्या, दोन कढया, चढणाऱ्यांना सुरक्षा दोर आणि दिवसाची ठरलेली मजुरी. रसातली साखर, अमिनो आम्ले आणि सॉसमधले मीठ मोजावे, आणि आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर लिहावेत. पुढचा निर्णय गाव घेईल.