सागवानी कपाटांना पॉलिश की रंग?

यवतमाळ जिल्ह्यात स्वयंपाकघराची कपाटं करायची म्हटलं की गोष्ट सागवानावर येतेच. पांढरकवडा, घाटंजीकडची जंगलं सागाची. शिवाय जुनं घर पाडलं की दारं-तुळयांचं लाकूड कोपऱ्यात रचलेलं असतं. कपाटं उभी राहिली की सुतार विचारतो, पॉलिश की रंग? घरचे लगेच रंगांचं कार्ड उघडतात. उत्तर मात्र फळीत असतं.

रंधा मारलेली फळी ओल्या फडक्याने पुसा. ओल असेपर्यंत जे दिसतं, साधारण तसंच पॉलिशनंतर दिसेल. गाभ्याचं लाकूड सोनेरी-तपकिरी उठतं, सालीलगतचं फिकट राहतं. वाळवीही बहुधा या फिकट पट्ट्यालाच लागते. गाभ्यातली तेलकट द्रव्यं तिला सहसा आत शिरू देत नाहीत. नुकत्या कापलेल्या सागाचा हिरवट, पट्टेरी रंग पाहून घाबरू नका, उजेडात तो हळूहळू जुळून येतो. दारं एकसारख्या रेषांच्या गाभ्याची असतील, तर त्यांवर रंग चढवणं मला उधळपट्टी वाटते.

स्टेन लाकडात मुरतो आणि छटा देतो, पण पाण्या-तेलापासून वाचवत नाही. ते काम वरच्या थराचं. लाखेचं पॉलिश दिवाणखान्यातल्या खुर्चीला शोभतं; ओट्याजवळ वाफ आणि पाणी लागून त्यावर पांढुरके डाग उठतात. इथे मेलामाइन किंवा पीयूच हवं.

रंगाचं गणित निराळं. सागाच्या तेलकटपणामुळे रंग नीट धरत नाही, म्हणून फळी थिनरने पुसून, ती सुकली की वेळ न घालवता प्रायमर मारायचा. मग लांबी भरायची, पॉलिशपेपरने घासायचं आणि वर रंगाचे दोन हात. एवढं करूनही आपल्याकडचा उन्हाळा आणि मागून येणारी पावसाळी ओल यांत लाकूड रेषांना आडवं आक्रसतं, फुगतं. चौकटीच्या सांध्यावर रंगाला बारीक चीर जाते. पॉलिशखालीही लाकूड तेवढंच हलतं, फक्त डोळ्यांत भरत नाही. पांढरा ऑइलपेंट तर बंद कपाटाच्या आत, उजेडाअभावी, लवकर पिवळा पडतो.

तरीही रंगाची जागा आहे. जुन्या तुळयांतून काढलेल्या फळ्यांना खिळ्यांची भोकं आणि भोवती काळे डाग असतात. लांबी आणि रंगाखाली ते झाकले जातात. दोन-तीन जातींचं लाकूड एकत्र लागलं असेल, तर स्टेन त्यांना एका रंगात आणत नाही. एमडीएफला तर रेषाच नसतात, त्यावर स्टेन म्हणजे पैसे वाया.

ठरवण्याआधी उरलेल्या एकाच तुकड्यावर अर्धं पॉलिश, अर्धा रंग करून घ्या. पुरतं वाळल्यावर दोन्हींवर हळद कालवलेलं तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी साबणाच्या पाण्याने पुसून बघा.