‘सवडच घावली न्हाई, डॉक्टर!’

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. उसाला पाणी देताना एका पन्नाशीच्या शेतकऱ्याच्या पायात काच घुसली. गृहस्थांना आठ वर्षांपासून मधुमेह. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. त्यामुळे फारसे दुखले नाही. हळद भरली, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागले. माझ्याकडे आले ते तेराव्या दिवशी. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काळे पडले होते. सोलापूरला पाठवावे लागले. दोन्ही बोटे काढावी लागली, पाय वाचला हेच नशीब.

“इतके दिवस का थांबलात?” असे विचारले तेव्हा ते म्हणाले, “सवडच घावली न्हाई, डॉक्टर.” बरोबर आलेला मुलगा मात्र गप्प बसला नाही. त्या तेरा दिवसांत वडील तीन वेळा वेळापुरात येऊन गेले होते. एकदा बँकेत, एकदा खताच्या दुकानात आणि एकदा नुसतेच स्टँडवर, चहाला. दवाखाना तेथून दोन मिनिटांवर.

गावाच्या नावातच ‘वेळ’ असून येथील माणसांना वेळ नाही, असा विनोद बाहेरगावचे पाहुणे करतात. विनोद सोडून देऊ. पण वेळेचा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे ज्या वाचकांना वाटत असेल त्यांनी वरची हकीकत पुन्हा वाचावी. माझा तीस वर्षांचा अनुभव असा की, ‘वेळ पुरत नाही’ ही तक्रार घड्याळाची कमी आणि शरीराची जास्त असते.

प्रथम थकव्याचे बघा. एखादी गृहिणी सांगते, “पूर्वी दहाच्या आत सगळं आवरायचं, आता दुपारचे दोन वाजतात तरी धुणं तसंच.” घरची मंडळी म्हणतात, आळशी झाली. तिलाही तसेच वाटू लागते. पापणी खाली ओढून पाहावी तर आत पांढरे फटक! रक्त तपासले तर हिमोग्लोबिन आठ. स्त्रियांचे ते निदान बारा तरी असावे लागते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत हा ‘आळस’ असू शकतो. रक्त कमी असले की पेशींना प्राणवायू कमी पोचतो, जिना चढताना धाप लागते आणि प्रत्येक कामानंतर पाच मिनिटे टेकावेसे वाटते. दिवसातून अशी वीस वेळा टेकले तर दीड-पावणेदोन तास कोठे गेले हे कळतही नाही. यावर वेळापत्रक भिंतीला लावून उपयोग नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतात. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नये, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. जेवणावर लगेच चहा पिण्याची आपली सवयही वाईट. चहामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ द्यावा.

हिमोग्लोबिन ठीक असूनही अंग जड, वजन वाढते, थंडी जास्त वाजते, विसरायला होते असे असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. वारंवार लघवी, तहान आणि गळाठा असेल तर साखर पाहावी. आणखी एक गोष्ट बोलायला लोक संकोचतात. कशातच मन लागत नाही, साधे कामही डोंगराएवढे वाटते, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर त्याला कामचुकारपणा म्हणू नये. ते नैराश्य असते. त्याला औषध आहे आणि त्या औषधाने माणसे बरी होतात.

दुसरा मोठा भाग झोपेचा. ज्यांच्या फीडरला अजून रात्रीच्या विजेची पाळी येते, त्यांना मध्यरात्री मोटार चालू करायला जावेच लागते. त्याला इलाज त्यांच्या हातात नाही. परंतु घरी बिछान्यात पडून बारा-साडेबारापर्यंत मोबाईलवर बोट फिरवणाऱ्यांना पाळी कोणी लावली? प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. ती तोडून वाचवलेला तास दुसऱ्या दिवशी चुकांत आणि चिडचिडीत खर्च होतो. सन २००० मध्ये विल्यमसन आणि फेयर या दोन संशोधकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. सतरा-एकोणीस तास सलग जागलेल्या माणसांची चलाखी त्यांनी मोजली. ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना जितकी राहते तितकी किंवा त्याहूनही खाली आली होती. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे सहाला उठून रात्री अकरा-बाराला मोटारसायकल चालवणारा निर्व्यसनी माणूसही शरीराच्या हिशेबाने झिंगलेला असतो. रात्री पाणी धरणाऱ्यांनी सकाळी घरी येऊन खोली अंधारी करून झोप पुरी करावी. बाजाराचे काम दुपारवर ढकलावे. आणि रात्रभर झोपूनही जे दिवसा पेंगतात व मोठ्याने घोरतात, त्यांनी ते हसण्यावारी नेऊ नये. झोपेत श्वास अडत असेल तर आठ तासांची झोपही चार तासांएवढीच भासते.

आता मोबाईलचे. मी त्याच्या विरुद्ध नाही. माझेही निम्मे रिपोर्ट त्यावरच येतात. पण माझ्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत. रात्री उधारीची वही लिहायला बसतात. मध्ये फोन टुणकन वाजतो, ग्रुपवर कोणाचा तरी वाढदिवस. ते पाहून परत वहीकडे वळतात, तर बेरीज पुन्हा पहिल्यापासून! सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली याचे कारण मांडले. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेले की मनाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. पातेल्याच्या तळाशी आदल्या भाजीचा खर राहावा तसे. त्या पातेल्यात दुसरी भाजी टाकली की ती लागणारच. दुकानदारांना मी एवढेच सांगितले की वही लिहिताना फोन आतल्या खोलीत, आवाज बंद करून ठेवा. त्यांची वही आता पाऊण तासात होते, पूर्वी दीड तास जाई. रक्तदाबही थोडा उतरला. पण त्याचे श्रेय फोनला द्यावे की मीठ कमी केल्याला, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

वेळ कसा वापरावा यावर पुस्तके पुष्कळ आहेत. पण आपल्या दारावरून दरवर्षी जाणारी शाळा आपण कधी नीट पाहत नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसहून येते आणि वेळापुरात मुक्काम करते. लाखो माणसे, तंबू, भांडी, म्हातारी-कोतारी, आणि तरी सोहळा वेळेवर हलतो. कसा? हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली शिस्त आहे म्हणून. सकाळी कर्णा तीनदा होतो. पहिल्याला आवराआवर करून तंबू उतरवायचे, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत जाऊन उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की एवढा समुदाय एका क्षणात शांत होतो. हरवले-सापडले पुकारतात, तक्रारी ऐकतात आणि उद्या निघण्याची वेळ सांगतात. उद्याचे आजच ठरलेले असते, त्यामुळे सकाळी ‘आता काय करायचे’ यात कोणाचा वेळ जात नाही.

आपल्या घरी नेमके हेच होत नाही. सकाळी डबा कशाचा, मुलाचा गणवेश कोठे, गाडीत पेट्रोल आहे का, हे सारे सातला सुरू होते. तयारी, उभे राहणे आणि निघणे एकाच वेळी! उलट रात्री जेवणानंतर पाच मिनिटे बसून उद्या निघायचे कधी आणि गावात गेल्यावर कोणकोणती कामे एका फेरीत करायची हे ठरवले, तर बँक, खत आणि दवाखाना एकाच चकरेत होतात. यादी तीन-चार कामांची असावी. वीस कामांची यादी करणारे माझे एक शिक्षक रुग्ण आहेत, त्यांना ती यादी पाहूनच छातीत धडधडते.

वेळ वाया घालवण्यात आम्ही डॉक्टरही मागे नाही. माझ्या दवाखान्यात पूर्वी साखर तपासायला आलेली म्हातारी माणसे उपाशीपोटी अकरा-अकरापर्यंत बसून राहत. चूक माझीच. आता उपाशीपोटी तपासणीची माणसे आठ वाजता, आधी. बाकीच्यांना नंबर देतो. तीस वर्षांवरील कोणालाही रक्तदाब व साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत करून मिळते, तीही वर्षातून एकदा करून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी मात्र पाय रोज पाहावेत. तळवे, बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-काटा नाही ना, हे बघावे. रानात अनवाणी जाऊ नये. जखम झाली तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवावी.

ते शेतकरी आता दर महिन्याला येतात. तळवे त्यांना स्वतःला वाकून दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या मंडळी सकाळी चुलीवर चहा ठेवला की त्यांचे पाय पाहतात. याला किती वेळ जातो, असे मी परवा त्यांना विचारले. “च्या उतू जायच्या आत हुतंय की,” त्या म्हणाल्या.