पाठीचा डबा, छातीचं जॅकेट

विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाठीचा डबा आठवत असेल. तेलाचा रिकामा डबा, तोंड पक्कं बंद केलेलं, दोरीनं पाठीला आवळायचा आणि मामानं काठावरून ढकलून द्यायचं. डब्याच्या आधी वाळका भोपळा असे, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. डबा बुडू देत नसे, पण निवांतही बसू देत नसे. पाठ वर उचलली गेली की तोंड पाण्यात जायचं, मग हातपाय मारावेच लागायचे. शिकणाऱ्याला ते सोयीचंच होतं, पोहताना अंग पालथं लागतं. पण तोच डबा बांधलेला माणूस बेशुद्ध झाला तर? तो उत्तम तरंगेल आणि तरंगत तरंगतच जाईल.

ठाण्यात टेंभी नाक्यावरून रमतगमत तलावपाळीला यावं आणि मासुंदा तलावातल्या होड्या बघत कठड्याशी उभं राहावं, तेव्हा हा डबा हमखास आठवतो. होडी कुठल्याही पाण्यातली असो, लाइफ जॅकेटशी आपलं वागणं सारखंच. कुणी ते मांडीवर घेतं, कुणी फोटोपुरतं गळ्यात अडकवतं, कुणी बुडाखाली गादी करतं. ‘मला पोहता येतं’ हे तर ठरलेलं वाक्य. म्हणजे जॅकेट हा पोहता न येणाऱ्यांचा डबा, अशी आपली समजूत.

खरं तर तरंगवायला फार जोर लागत नाही. माणसाची घनता पाण्याच्या जवळपास असते. छातीत हवा भरून घेतली तर थोडी कमी, सोडून दिली तर थोडी जास्त. डोकं चार-पाच किलोंचं, आणि पाण्याबाहेर काढलेल्या भागाला पाणी उचलून धरत नाही. म्हणून तोंड वर ठेवायला साधारण तेवढाच आधार पुरतो. 50 न्यूटनचं जॅकेट म्हणजे पाचेक किलोंची उचल. पाण्यापाण्यातही फरक असतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड, म्हणजे 60 किलोंच्या माणसाला दीड किलो उचल फुकटात. खाडीत भरती असताना सहज तरंगणारा माणूस बारवी धरणाच्या गोड्या पाण्यात जड होतो. आणि बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या धबधब्याखाली फेसाळलेल्या पाण्यात निम्मीशिम्मी हवाच असेल, तर तिथे अंगाचीही उचल घटते आणि जॅकेटचीही.

पण खरी मेख उचल किती यात नाही, ती कुठे यात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे वैमानिक समुद्रात पडत आणि जॅकेट अंगात असूनही दगावत. बेशुद्ध माणूस जॅकेटमध्ये नेमका कसा तरंगतो, हे शुद्धीतल्या माणसावर तपासून कळणार कसं? एडगर पास्क या तरुण भूलतज्ज्ञानं स्वतःलाच भूल देऊन घेतली. श्वासनलिकेत नळी घातलेला, पूर्ण लुळा पडलेला पास्क वेगवेगळी जॅकेटं चढवून पाण्यात सोडला गेला. काही जॅकेटं त्याला पालथा ठेवत. यातूनच धडा मिळाला की तरंगणारा भाग छातीवर आणि मानेमागे हवा, म्हणजे अंग आपोआप उताणं होतं आणि नाकतोंड आकाशाकडे. तेव्हाच्या जॅकेटांत बऱ्याचदा भरलेला असे कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. पोकळ, मेणचट तंतूंमुळे लवकर न भिजणारा. आज त्या जागी बंद बुडबुड्यांचा फोम असतो. त्यावर वर्षानुवर्षं बसलं की बुडबुडे चेपतात, म्हणजे गादी करणारा पुढच्या प्रवाशाची उचल खात असतो.

50 न्यूटनवालं जॅकेट शुद्धीतल्या, पोहता येणाऱ्या माणसाला हात देतं. ते उताणं करेलच असं नाही. उताणं करण्याच्या हिशेबानं बनवलेली जॅकेटं 100 न्यूटनपासून पुढची. आणि कुठलंही जॅकेट पट्टे आवळले नाहीत तर पाण्यात वर सरकून कानाशी येतं. खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावं, हनुवटीला लागलं तर ते ढिलं आहे.

पोहता येणाऱ्यालाही ते का हवं? 18 डिसेंबर 2024 च्या दुपारी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ते अंगात असणं सक्तीचं झालं त्यानंतर. अशा धडकेत डोक्याला मार लागतो, अंगावर माणसं पडतात. पोहण्याचं कौशल्य शुद्धीवर असेपर्यंतच आपलं.

आणि मग काठावर काढलेल्या माणसाचं काय करायचं? नाक्यावर कुणी कोसळलं तर रिक्षा, दवाखाना, दहा हात हजर. वैद्यकाच्या ज्या शाखेला ‘विल्डरनेस मेडिसिन’ म्हणतात, ती दवाखाना तासाभरापेक्षा लांब असेल तिथे सुरू होते. त्या अर्थानं पावसाळ्यातल्या रविवारचे आपले बरेचसे धबधबे तिच्याच हद्दीत. तिथे पहिली चूक ठरलेली: उलटं धरणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं. त्या पाण्याशी भांडण्यात मिनिटं जातात, आणि पोटातलं वर आलं तर ते फुप्फुसात उतरतं. बुडालेल्या माणसाला मिठात पुरायला सांगणाऱ्या फॉरवर्डबद्दल काय बोलावं!

बुडालेल्याचं हृदय बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे थांबतं. हार्ट अ‍ॅटॅकनं हृदय बंद पडलं तर नुसती छाती दाबून काही मिनिटं निभावतं, कारण रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. इथे तोच संपलेला. म्हणून श्वास थांबलेल्या माणसाला आधी तोंडानं श्वास द्यायचे (युरोपीय पद्धतीत पाच, अमेरिकी पद्धतीत दोन), मग 30 दाब, दोन श्वास, हेच चक्र. तोंडातून फेस येत राहतो, तो पुसत बसायचं नाही. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि पुन्हा सुरू. शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला रुग्णालयात न्यायचंच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही उफाळतो. हे सगळं हातांना प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर शिकवावं लागतं, वाचून हात वळत नाहीत.

वाचवायला उडी मारणाऱ्यानं बुडणाऱ्यासोबत जाणं, ही बातमी दर पावसाळ्यात वाचतो. उडीच्या आधी गाडीत बघावं. पाण्याचा पाच लिटरचा कॅन रिकामा करून झाकण घट्ट लावलं की त्याची उचल जवळपास 50 न्यूटन, साध्या जॅकेटइतकी. तळाला पेलाभर पाणी ठेवलं तर वाऱ्यावर भरकटत नाही, लांब फेकता येतो. दोरी असेल तर बांधून फेकावा. हाही डबाच. फक्त ओरडून सांगायचं की छातीशी कवटाळ.