एका वस्तूची दहा नावं: ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये नेमकं कसं शोधावं

अमरावती-अकोल्याकडचे बरेच संशोधक विद्यार्थी आज समोर दिसतायत, म्हणून सुरुवात एका कबुलीनं करतो.

माझा एक विद्यार्थी महानुभाव तत्त्वज्ञानावर पीएच.डी. करत होता. प्रबंधात त्यानं लिहिलं, ‘रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंवर इंग्रजीत काम झालेलं नाही.’ मी सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक शांतपणे म्हणाले, "ॲन फेल्डहाउस यांचं ‘द डीड्स ऑफ गॉड इन ऋद्धिपूर’ १९८४ मध्येच आलं आहे की!" गाव आमच्याच जिल्ह्यातलं, आणि अज्ञानही आमचंच.

पोरानं आळस केला नव्हता. त्यानं ‘रिद्धपूर’ हेच स्पेलिंग टाकलं होतं. पण गावाला कोणी रिद्धपूर म्हणतं, कोणी रितपूर, आणि त्या पुस्तकावर ‘ऋद्धिपूर’ आहे, तेही रोमन अक्षरांखाली टिंबं देऊन. यंत्र अक्षरं जुळवतं, अर्थ जुळवत नाही.

हा प्रश्न कॉम्प्युटरनं आणलेला नाही. आपल्या अमरकोशात एका वस्तूची अनेक नावं एकत्र बांधली आहेत, आणि तिसऱ्या कांडात ‘नानार्थवर्ग’ आहे, म्हणजे एका शब्दाचे अनेक अर्थ. शोधणाऱ्याला छळणारे रोग हे दोनच. पहिल्यामुळे हवं ते निसटतं, दुसऱ्यामुळे नको ते जाळ्यात येतं. ‘अकोला’ शोधा, आपला जिल्हा येईल आणि नगरकडचं अकोलेही येईल, कारण जुन्या इंग्रजी कागदांत त्याचंही स्पेलिंग तेच.

यावर ग्रंथपालांनी काढलेला उपाय म्हणजे नियंत्रित शब्दसूची. लेख डेटाबेसमध्ये घेताना त्याचा विषय ठरवतात आणि ठरलेल्या यादीतलाच शब्द त्याला लावतात. लेखकानं कोणताही शब्द वापरलेला असो, एका विषयाचे लेख एका शब्दाखाली येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं अशी विषय-शीर्षकं १८९८ पासून घडवली. वैद्यकासाठी ‘मेश’ ही सूची १९६० मध्ये आली, आणि शेतीसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची ‘ॲग्रोव्होक’ आहे.

तुरीचंच घ्या. आपला शेतकरी म्हणतो, "तुरीले मर लागली." इंग्रजी लेखांत तूर कधी ‘पिजन पी’, कधी ‘रेड ग्राम’, कधी ‘अरहर’, तर शास्त्रज्ञांच्या लेखी ‘कजानस कजान’. मर म्हणजे ‘विल्ट’, आणि तिची बुरशी ‘फ्युजेरियम उडम’. यातलं एकच नाव टाकून कुणी म्हणालं, ‘यावर काम झालेलं नाही’, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या माणसाची उमेदीची वर्षं त्यानं एका वाक्यात पुसून टाकली. म्हणून मी हा नुसत्या तंत्राचा प्रश्न मानत नाही.

मग करायचं काय?

पहिलं, आपला प्रश्न साध्या भाषेत कागदावर लिहा आणि त्यातल्या संकल्पना वेगळ्या करा: तूर, मर, विदर्भ.

दुसरं, साध्या शब्दांनी शोधून एक तरी नेमका लेख मिळवा आणि त्याच्या नोंदीत ‘विषय’ किंवा ‘सब्जेक्ट’पुढं काय लिहिलंय ते बघा. कुलपाची किल्ली तिथं असते.

तिसरं, ती किल्ली घेऊन शब्दसूची उघडा. मान्य शब्द कोणता, त्याहून व्यापक कोणता, संकुचित कोणता, शेजारचा कोणता, हे सगळं तिथं मांडलेलं असतं. पबमेडमध्ये ‘फॅबेसी’ हे शेंगवर्गीय कुळ मेशमधून निवडलं की त्याच्या पोटातली ‘कजानस’ही आपोआप शोधली जाते.

चौथं, एकाच संकल्पनेच्या पर्यायांमध्ये ‘ऑर’ घाला आणि वेगवेगळ्या संकल्पनांमध्ये ‘अँड’. ‘ऑर’नं जाळं रुंदावतं, ‘अँड’नं आवळतं.

पाचवं, मोकळे शब्द सोडू नका. ताज्या लेखांना शीर्षक लागायला वेळ लागतो. शोधगंगेवरच्या प्रबंधांना तर बहुधा संशोधकानं स्वतः सुचवलेले शब्द असतात. तिथं सगळी नावं, सगळी स्पेलिंगं आपणच टाकायची.

आता तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, म्हणून एक शंका काढतोच. मान्य शब्द कोण ठरवतं? लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत पूर्वी ‘अनटचेबल्स’ हे शीर्षक होतं, आज ‘दलित’ आहे. म्हणजे या याद्या आकाशातून पडत नाहीत. माणसं त्या करतात, आणि माणसांनी हरकत घेतली की बदलतात. सूची वापरा, पण तिच्यापुढं मान तुकवू नका. आपली ‘पऱ्हाटी’ तिच्यात नसेल, म्हणून शेतातली पऱ्हाटी काही खोटी ठरत नाही.

वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाच्या पाच नियमांत लिहून ठेवलं. मी पुढं एवढंच जोडीन, की आधी काम केलेल्याचं श्रेयही वाचवा. ‘काम झालेलं नाही’ असं लिहायची वेळ आली की ‘मी अमुक डेटाबेसमध्ये, अमुक शब्दांनी शोधलं, मला आढळलं नाही’ असं लिहा. त्या दिवसानंतर मी असं वाक्य असल्याशिवाय एकाही प्रबंधावर सही केली नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.