बांधावरचा हिरडा

नाणेघाटाच्या माथ्यापासून भीमाशंकरपर्यंतच्या सह्याद्रीत कुकडी, मीना आणि घोड या नद्यांची खोरी लागतात. घाटघर, हातवीज, आंबे, आहुपे ही गावे याच पट्ट्यातली. खाली नारायणगावला द्राक्षे आणि टोमॅटो, मंचरला कांदा-बटाटा. पश्चिमेला चढत गेले की भाताची खाचरे, नाचणी-वरईचे उतार आणि बांधाबांधावर हिरडा. जुन्नर आणि आंबेगावच्या या आदिवासी भागात महादेव कोळी कुटुंबांच्या हाती वर्षाकाठी जो रोख पैसा येतो, त्यात हिरड्याचा वाटा मोठा असतो. किराणा, पोरांची वह्या-पुस्तके, खरिपाचे बियाणे, लग्नात झालेली उसनवारी यांचा हिशोब हिरडा विकल्यावरच होतो.

हंगाम उन्हाळ्यातला. घरातला जाणता गडी झाडावर चढतो, काठीने फांद्या झोडपतो आणि बायका-पोरे खाली वेचत राहतात. झाडे उंच, कित्येक कड्याच्या तोंडाशी; पाय निसटून पडल्याच्या घटना घडतात. वेचलेली हिरवी, आत आठळी न धरलेली फळे अंगणात उन्हात पसरतात. ती आधी सुरकुततात, मग तपकिरी होतात आणि शेवटी काळीभोर पडतात. हा बाळहिरडा. वाळलेला दाणा मनुकेसारखा दिसतो, पण दाताखाली खडा लागावा तसा कडक असतो. वाळवणावर वळवाचा पाऊस आला की घरभर धावपळ उडते, कारण भिजलेला माल बुरशी धरतो आणि व्यापारी भाव पाडतो.

बाळहिरडा, रंगारी हिरडा आणि सुरवारी हिरडा या बाजारातल्या जाती एकाच झाडाच्या. कोवळा तोडला तो बाळ, अर्धा तयार झालेला रंगारी, थंडीत पुरता पिकलेला सुरवारी. औषधाला बाळ आणि सुरवारी. रंगारी मात्र कारागिरांचा. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. सुती कापड रंग सहजी धरत नाही, म्हणून आंध्रातले कलमकारीचे कारागीर कापड आधी हिरडा आणि दुधात बुडवून घेतात. त्यावर लोखंड आणि गूळ आंबवून केलेले पाणी लावले की टॅनिन आणि लोह एकत्र येऊन पक्का काळा रंग उमटतो. लोखंडी कढईत हिरड्याचा काढा उकळला तर तो शाईसारखा काळा होतो, तो याच कारणाने. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. इंग्रजी अमदानीत मुंबईहून विलायतेच्या चर्मोद्योगाला हिरडा जात असे आणि त्या व्यापारात एका प्रतीला चक्क वेंगुर्ल्याचे नाव होते.

घरगुती औषधात हिरड्याइतका ऋतूला बांधलेला पदार्थ दुसरा क्वचितच सापडेल. आयुर्वेदात त्याची ऋतुचर्या ठरलेली आहे: वर्षा ऋतूत सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पावसाळ्यानंतर पित्त उसळते असे शास्त्र सांगते, म्हणून जोडीला साखर. मार्गशीर्ष लागला की साखर जाऊन सुंठ येते. त्रिफळ्यात तो बेहडा आणि आवळ्याचा सोबती. खोकल्याला तोंडात धरायला तुकडा, बद्धकोष्ठाला एरंडेलात परतून केलेली पूड. गर्भवतीने आणि फार अशक्त माणसाने हिरडा घेऊ नये, असेही तेच शास्त्र बजावते.

बहुतेक मराठी घरांत हिरड्याची पहिली ओळख बाळगुटीतून होते. सहाणेवर आईच्या दुधाचे थेंब टाकायचे आणि हिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ एकेक करून उगाळायचे. कशाचा एकच वेढा द्यायचा आणि कशाचे दोन, हे आजीच्या हाताला पाठ असते. बाळ मोठे होईल तसे वेढे वाढतात. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, असे आजचे डॉक्टर सांगतात आणि ते मानले पाहिजे. पुढेही विचारल्याशिवाय काही देऊ नये. त्याने आजीच्या हातातल्या ज्ञानाचे मोल कमी होत नाही.

मला सलते ते वेगळेच. सहाणेवरचा हिरडा सगळ्यांना माहीत आहे, बांधावरचा कुणाला दिसत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि घाट चढून या भागातही आले. फांद्या मोडल्या, झाडे उन्मळली. भाताचे नुकसान झाले तर भरपाई कशी मागायची हे ठरलेले असते. हिरड्याचे तसे नव्हते. लोकांच्या मालकीच्या जमिनीतली, पिढ्यान् पिढ्या राखलेली झाडे असूनही सरकारी हिशोबात तो धड पीक नव्हता, धड फळबाग नव्हता. भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली, वर्षे घालवावी लागली. आंब्याचे कलम मोडले असते तर इतके झगडावे लागले असते का?

कायदे नाहीत असे नाही. 1996चा पेसा आणि 2006चा वनहक्क कायदा गौण वनोपजावर गावाची मालकी मानतात. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत हिरडा आहे. आदिवासी विकास महामंडळ 1972 पासून आहे आणि त्याने हिरडा खरेदी करावा ही इथली जुनी मागणी आहे. खरेदी वेळेवर आणि गावाजवळ झाली नाही, तर आगोटीच्या खर्चाला अडलेला माणूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने माल देतो. भावासाठी थांबणे त्याला परवडत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. महसूल खात्याने पीकपाहणीत हिरड्याची झाडे मोजून त्यांची नोंद करावी, म्हणजे पुढच्या वादळानंतर पुरावा शोधत फिरावे लागणार नाही. आणि त्रिफळ्याची डबी किंवा गुटीचे सामान घेणाऱ्या आपण सर्वांनी, शक्य असेल तेव्हा, हिरडा वेचणाऱ्यांकडून किंवा त्यांच्या गटांकडून थेट घ्यावा. भीमाशंकरला, नाणेघाटाला जाणारी वाट याच गावांतून जाते. उन्हाळ्यात गेलात तर अंगणातले वाळवण दिसेल. तिथेच भाव विचारा आणि तिथेच विकत घ्या.